पेंढा चिखलात गेला आणि शेत पिवळं पडलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही लिहिलंय की मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारा कार्बन) वाढवण्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लावणीच्या तोंडावर पेंढा चिखलात गाडला, आता रोपं पिवळी पडलीत. आणि गोव्याच्या पावसात सेंद्रिय कर्ब टिकतच नाही, तेव्हा हा सगळा पुस्तकी उपदेश आहे.

रोपं पिवळी पडली त्यात चूक माझी. पेंढा केव्हा गाडायचा हे मी लिहायला हवं होतं. पेंढ्यात एका भाग नत्रामागे ६० ते ८० भाग कर्ब असतो. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना इतक्या कर्बाला पुरेल एवढं नत्र पेंढ्यात मिळत नाही, मग ते मातीतलं ओढून घेतात आणि रोप उपाशी राहतं. आधी रोपं वाचवा. पावसाची उघडीप बघून पाणी उतरवा, हजार चौरस मीटरला चारेक किलो युरिया फेका, दोन दिवसांनी पाणी परत घ्या. सेंद्रियवाला असूनही हे सांगताना मला संकोच नाही. भात हातचं जाता कामा नये.

कर्ब टिकत नाही, हे मात्र अर्धंच खरं. आपल्या उष्ण, दमट हवेत शेणखतातला बराचसा कर्ब वर्षभरात हवेत जातो, हे कबूल. पण जांभ्याच्या तांबड्या मातीतली लोहाची संयुगं उरलेल्या कर्बाला धरून ठेवतात. फोंड्याकडच्या एखाद्या जुन्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, जाऊन झाडांखालची माती मुठीत घेऊन बघा. तिथे नांगर फिरत नाही, झावळ्या आणि पाचोळा जागीच कुजतो. बाजूच्या उघड्या भरडावरची (उंचावरच्या माळजमिनीची) माती त्याच पावसात धुपून जाते.

आता हिशेब. हजार चौरस मीटरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण सव्वादोन लाख किलो माती असते. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे सुमारे २२० किलो कर्ब मातीत कायम राहायला हवा. ह्यूमसमध्ये (पूर्ण कुजून मातीत मुरलेल्या सेंद्रिय भागात) दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं, म्हणजे त्याच्यासोबत वीसेक किलो नत्रही अडकणार. माझ्या लेखात नेमकं हेच राहून गेलं. नुसता कर्ब घालून कर्ब वाढत नाही, आणि एका वर्षात तर नाहीच.

म्हणून यंदा सरद (पावसाळी) भात कापल्यावर पेंढा लगेच, जमिनीत ओल असतानाच, शेण आणि गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) पाल्याबरोबर खड्ड्यात कुजायला घाला. गिरिपुष्पाच्या सुक्या पाल्यात नत्र ३ टक्क्यांच्या आसपास असतं. पाणी साचलेल्या शेतात कच्चा पेंढा घातला तर मिथेनही जास्त सुटतो, तेही टळेल. वायंगण (उन्हाळी भात) करत नसाल तर त्याच ओलीवर अळसांदे (चवळी) पेरा. शेंगा काढल्यावर वेल उपटू नका. जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या आणि पाला तिथेच पसरा.

आणि पुढच्या पेरणीआधी मातीची तपासणी नक्की करून घ्या. अहवालात सेंद्रिय कर्बाचा आकडा काय येतो ते इथेच कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.