आइन्स्टाइन आणि शेवटचा डबा

टीवायबीएस्सीला मॉडर्न फिजिक्सची गणितं घरी सोडवावी लागतात आणि आमच्या घरी, भुसावळला, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले आजोबा असतात. दोन्हींपैकी एकच असतं तर निभावलं असतं.

गणित तसं दोन ओळींचं. ५०० मीटर लांबीची गाडी प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने ४०० मीटरच्या फलाटावरून जाते. ती फलाटात मावेल का?

"ताशी किती झाले?" आजोबांनी पेपर खाली ठेवला.

"जवळजवळ ६५ कोटी किलोमीटर."

"आणि कॉशन ऑर्डर नाही? गाडी हळू न्यायची लेखी सूचना?"

मी दुर्लक्ष करून सांगत राहिलो. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे, फलाटावरच्या माणसाच्या मापाने धावती गाडी आखडून ४०० मीटरची होते, म्हणजे बरोब्बर मावते. गाडीतल्या माणसाला मात्र गाडी ५००चीच. त्याच्या मते फलाटच आखडून ३२० झाला आणि १८० मीटर गाडी बाहेर लोंबतेय. दोघंही बरोबर.

"दोघं बरोबर कसे? चौकशी बसली की एकाला तरी चार्जशीट मिळायचीच. आणि काय रे, शेवटच्या डब्याची एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची, पाटी बघितली का कोणी? ती दिसल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं धरत नाहीत."

वैताग म्हणजे म्हातारा नेमका मर्मावर बोट ठेवून मोकळा झाला होता. भांडण लांबीचं नाहीच, 'एकाच वेळी'चं आहे. फलाटावरच्या घड्याळांप्रमाणे इंजिन पुढच्या टोकाला पोचतं त्याच क्षणी शेवटचा डबा मागच्या टोकातून आत येतो. गाडीतल्या घड्याळांप्रमाणे इंजिन आधी पोचतं आणि शेवटचा डबा एक मायक्रोसेकंद उशिरा. पुस्तक यावर फक्त 'हे उघडच आहे' म्हणतं. पुस्तकात जे उघड असतं, त्याला माझी वहीची दोन पानं लागतात.

"एक मायक्रोसेकंद? तेवढा लेट आम्ही रजिस्टरला घेत नव्हतो," म्हणून आजोबांनी केस निकालात काढली.

मी मुकाट्याने क्वांटमकडे वळलो. बंद पेटीतला इलेक्ट्रॉन, दुसरी ऊर्जापातळी. डाव्या अर्ध्यात सापडायची शक्यता निम्मी, उजव्या अर्ध्यात निम्मी, आणि बरोब्बर मधोमध शून्य.

"मधे कधीच सापडत नाही? तरी या टोकालाही असतो आणि त्या टोकालाही?"

"हो."

"विनातिकीट असणार. टीसी मधे उभा असेल."