जुन्या दर्याकथा आणि त्यातली आपली माणसं

जुन्या इंग्रजी दर्यावर्दी थरारकथांचा विषय निघाला की हल्ली दोन मतं ठरलेली. एक, 'फार संथ आहेत बुवा, शिडं आणि दोरखंडांतच शंभर पानं जातात.' दुसरं, 'त्यातला गोऱ्या साहेबाचा माज आता वाचवत नाही.' पहिलं मत मला साफ नामंजूर. दुसरं बरंचसं मान्य, तरी ही पुस्तकं सोडायची माझी तयारी नाही.

अहो, ती शिडं आणि दोरखंड हाच तर थरार आहे! आपण कोथरूडहून डेक्कनला जायलासुद्धा मोबाइलवरचा निळा ठिपका बघतो. शिडांच्या जहाजावरच्या कप्तानाला आपण नक्की कुठे आहोत हेच कळायची मारामार. वेग काढायचा तर दोरीला लाकडी फळी बांधून पाण्यात सोडायची, २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्यात हातातून दोरीच्या किती गाठी सुटल्या ते मोजायचं. आभाळ भरून सूर्य दिसेनासा झाला की सगळी भिस्त त्या गाठींवर आणि होकायंत्रावर. १७०७ साली इंग्लंडच्या आरमाराचा असा हिशेब चुकला आणि सिली बेटांच्या खडकांवर चार युद्धनौका गेल्या. हे ठाऊक असलं की 'धुकं दाटून आलं' एवढ्या वाक्यानेही पोटात गोळा येतो.

अ‍ॅलिस्टर मॅक्लिनची १९५५ ची 'एचएमएस युलिसिस' घ्या. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात स्वतः आर्क्टिकच्या ताफ्यांबरोबर गेलेला. कथेत शत्रू जर्मन, पण तितकाच मोठा शत्रू बर्फ. उडालेलं पाणी जहाजावर गोठत जातं, वरचा भार वाढतो, तो फोडून काढला नाही तर जहाज कलंडायचं. शेवटी शेवटी संकटांची इतकी रांग लागते की 'आता पुरे' म्हणावंसं वाटतं, हेही खरं.

आता माजाचं. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी असत. डेकवर रत्नागिरीकडचे, स्वयंपाकात आणि वाढपात गोव्याचे, वर मुकादमी करायला सारंग. या कथांत ते बहुतेक वेळा नुसते 'लास्कर'. नाव नाही, गाव नाही, वादळ आलं की घाबरून ओरडायचं एवढंच काम. इंजिनाच्या एकेका नळीचं वर्णन करणाऱ्या लेखकाला सारंगाचं नाव विचारावंसं वाटू नये, याचा राग येतो. उलट ज्यूल व्हर्नने आपला पाणबुडीवाला कॅप्टन निमो पुढच्या एका कादंबरीत बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेला, असं दाखवलं. फ्रेंच माणूस, इंग्रजांना चिमटा काढायला त्याचं काय जातंय!

आणि कान्होजी आंग्रे? इंग्रजांच्या लेखी 'अँग्रिया' नावाचा चाचा. पोर्तुगीजांनी समुद्रात परवाने विकले तर ते राज्य, कान्होजींनी दस्तक मागितलं तर ती चाचेगिरी. फक्त इंग्रजांना बोल लावायचा तर आपण पुणेकरांनी जरा जपून. १७५६ मध्ये विजयदुर्गावर कान्होजींच्या मुलाचं, तुळाजी आंग्र्यांचं, आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांना हाताशी धरणारे आपले नानासाहेब पेशवेच होते.

तरीही या पुस्तकांच्या धुऊन-पुसून काढलेल्या आवृत्त्या मला नकोत. तो 'लास्कर' तिथे तसाच राहू दे, म्हणजे डोळ्यांत खुपतो. मला हवी आहे ती उलट बाजूने लिहिलेली कादंबरी. गुराबाच्या, म्हणजे मराठी लढाऊ गलबताच्या नाळेवरून, तांडेलाच्या (खलाशांच्या म्होरक्याच्या) नजरेतून, वाऱ्या-भरतीच्या बारकाव्यांसकट, पानोपानी जयजयकार न करता. कुणाकडे मराठीत तसं काही असेल तर कमेंटमध्ये सांगा. वाचायला दिलंत तर कव्हर घालून परत करेन, पानं न दुमडता. माझ्याकडून नेलेली पुस्तकं परत न करणाऱ्यांनीही सांगायला हरकत नाही.