ताई फसली नाही, तिला फसवलं

"अगं ताई, तुला कळलं कसं नाही?"

माझ्या सख्ख्या बहिणीनं सात आठवडे मनात कोंडून ठेवलेली गोष्ट मला सांगितली, तेव्हा माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. आज या वाक्याबद्दलच लिहायचंय. ताईला विचारून लिहितोय. तिनं एकच अट घातली : "मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, हे नक्की लिही. लोकांना वाटतं, हिशेबाला पक्की माणसं यातून सुटतात."

झालं ते असं. भर दुपारी फोन आला. स्क्रीनवर बँकेचाच नंबर दिसत होता. आपल्याला हवा तो नंबर समोरच्याच्या स्क्रीनवर उमटवता येतो, हे तिला माहीत नव्हतं. पलीकडच्या माणसाला तिचं पूर्ण नाव, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे, सगळं पाठ. "तुमच्या खात्यातून कुणीतरी पैसे काढायचा प्रयत्न करतंय, आम्ही तो आत्ताच थांबवलाय," असं त्यानं सांगितलं. म्हणजे पहिल्या वाक्यातच तो तिचा पाठीराखा झाला. मग हळूच म्हणाला, की शाखेतलंच कुणीतरी यात सामील असल्याचा संशय आहे, तपास चालू आहे, तेव्हा बँकेत कुणाशी बोलू नका. पैसे तात्पुरते एका सुरक्षित खात्यात हलवून ठेवू. फोन दोन तास वीस मिनिटं चालला. ती पाणी प्यायला उठली तर तो म्हणाला, "मॅडम, सावकाश या, मी लाइनवर आहे." इतकं मायेनं बोलणारा माणूस आपल्याला लुटतोय, अशी शंका कुणाला यावी?

आणि एवढं सगळं ऐकून मी काय विचारलं, तर तुला कळलं कसं नाही.

त्यानंतर कित्येक दिवस मी आपल्या बोलण्याकडे लक्ष देऊन होतो. कुणाच्या घरी चोरी झाली तर आपण म्हणतो, "त्यांचं घर फोडलं." फोडणारा कुणीतरी दुसरा आहे, हे त्या क्रियापदातच आलं. पण ऑनलाइन पैसे गेले की आपण म्हणतो, "ती फसली." वाक्यात ती एकटीच उरते. लुटणारा व्याकरणातूनसुद्धा पसार. बातम्यांमध्येही तेच : "आमिषाला बळी पडला." जणू पडणं हे त्याचंच काम होतं. ताईला कसलंही आमिष नव्हतं. तिला आपले पैसे वाचवायचे होते, एवढंच.

शब्दांनी काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. इंटरपोलला तरी तो पडतो असं वाटतं. ऑनलाइन ओळख वाढवायची, महिनोन्महिने प्रेमाच्या किंवा मैत्रीच्या गप्पा मारायच्या आणि शेवटी खोट्या गुंतवणुकीत त्या माणसाला धुऊन काढायचं, या प्रकाराला इंग्रजीत जे नाव रूढ झालंय त्याचा अर्थ होतो ‘डुकराची कत्तल’. नाव मूळचं चिनी ठगांच्याच बोलीतलं. आधी खाऊ घालून पुष्ट करायचं, मग कापायचं. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलनं आवाहन केलं की हे नाव वापरणं थांबवा, कारण ज्याला लुटलंय त्याला आपण डुक्कर म्हणतोय आणि त्या लाजेपायी माणसं तक्रार करायला पुढे येत नाहीत. ठगांनी ठेवलेलं नाव आपण सगळे खुशाल वापरत होतो.

"शिकलेल्या माणसानं तरी सावध राहायला नको का?" हा प्रश्न मला या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळाला. त्याला माझ्याकडे दोन माणसांची उत्तरं आहेत. एक ऑस्ट्रेलियाचे ट्रॉय हंट. आपला ईमेल कुठल्या फुटलेल्या डेटात सापडलाय हे जिथे तपासता येतं, ती ‘हॅव आय बीन पोन्ड’ साइट त्यांची. पासवर्ड कसे चोरले जातात यावर ते वर्षानुवर्षं लिहितात, बोलतात, शिकवतात. मार्च २०२५ मध्ये लंडनमध्ये असताना, लांबच्या विमानप्रवासानं डोकं जड झालेलं असताना, त्यांना एक ईमेल आला आणि त्यांनी आपला पासवर्ड खोट्या पानावर टाकला. त्यांच्या वाचकांची सुमारे १६,००० पत्त्यांची यादी चोरीला गेली. पासवर्ड सांभाळणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरनं त्या पानावर पासवर्ड आपोआप भरला नव्हता. ती धोक्याची खूण होती, आणि जगात ती खूण ओळखू शकणारी जी मोजकी माणसं असतील त्यांतले ते एक. तरी त्या क्षणी ती नजरेतून निसटली. पण या माणसानं त्याच दिवशी जे घडलं ते सगळं सविस्तर लिहून जाहीर केलं. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो.

दुसरे जिम ब्राउनिंग. हे टोपणनाव. ठगांच्या कॉल सेंटरांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून त्यांचा कारभार उघड करणारे व्हिडिओ ते करतात. जुलै २०२१ मध्ये कुणीतरी यूट्यूबचा प्रतिनिधी असल्याची बतावणी केली आणि त्यांच्याच हातून त्यांचं चॅनल डिलीट करवलं. ठगांचे डावपेच इतके जाणणारा हा माणूस. चॅनल पुढे परत मिळालं, पण त्यांनीही झालेली गोष्ट लपवली नाही.

मग माझी ताई कोण लागून गेली? तिला सावध करणारं तर कुणी कधी काही शिकवलंही नव्हतं.

आणखी एक समज आहे. स्पेलिंगच्या चुकांनी भरलेला, कुठल्याशा राजपुत्राच्या खजिन्याचा ईमेल बघून आपण म्हणतो, असल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवतं! मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा की तो ईमेल इतका उघड खोटा असणं ठगाच्या सोयीचंच असतं. शंका घेणारी माणसं पहिल्याच पायरीवर गळतात आणि त्यांच्यावर ठगाचा वेळ वाया जात नाही. म्हणजे तो ईमेल आपल्यासाठी नसतोच. आपल्यासाठी वेगळा असतो. तो आपण थकलेले असताना, घाईत असताना, घरातलं कुणी आजारी असताना येतो, आणि आपल्याच बँकेच्या नावानं येतो. हाँगकाँगमध्ये २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीतल्या कर्मचाऱ्याला असाच ईमेल आला, तेव्हा त्याला शंका आलीही होती. मग व्हिडिओ कॉल झाला. कॉलवर मुख्य वित्त अधिकारी दिसले, ओळखीचे सहकारी दिसले. ते सगळे चेहरे बनावट होते. सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपले लोक सांगून गेले, पण आपल्या माणसाचा चेहरा आणि आवाजसुद्धा ‘दिसतं तसं’मध्ये मोडेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

आता थोडं पलीकडच्या माणसाबद्दल. हे लिहायला मला जड जातंय, कारण ताईच्या प्रसंगानंतर मी ठगांना फोनवर घोळवणारे, रडवणारे व्हिडिओ रात्र रात्र बघत होतो. सूड घेतल्याचं समाधान मिळायचं. मग संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा ऑगस्ट २०२३ चा अहवाल वाचनात आला. म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं जबरदस्तीनं या कामाला जुंपलेली असावीत, असं त्यात म्हटलंय. नोकरीची चांगली जाहिरात बघून ही मुलं गेली. कॉम्प्युटर येणारी, दोन-तीन भाषा बोलणारी, शिकलेली मुलं. पोहोचल्यावर पासपोर्ट काढून घेतले. काम नाकारलं तर मारहाण. सुटायचं तर घरच्यांनी खंडणी भरायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडनं सीमेपलीकडच्या त्या भागाची वीज तोडली आणि त्यानंतरच्या आठवड्यांत म्यानमारच्या सीमेवरच्या म्यावडी शहराच्या परिसरातून सुमारे ७,००० माणसं बाहेर आली.

सगळेच ठग कैदी असतात असं मी म्हणत नाही. कितीतरी जण राजीखुशीनं हे करतात आणि त्यावर चैन करतात. ताईशी गोड बोलणारा त्यांतलाच एक असेल. त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण फोनवरच्या आवाजावरून हा मालक की वेठबिगार हे मला ओळखता येत नाही, आणि कदाचित मार खाणाऱ्या मुलाच्या रडण्यावर करमणूक करून घेणं मला जमणार नाही. मी ते व्हिडिओ बघणं बंद केलं. मित्रांशी यावर वाद झाला. त्यांचं म्हणणं, तेवढा वेळ तरी ठग दुसऱ्या कुणाला फोन करत नाही. मुद्दा बरोबर आहे. तरीही मला ते आता बघवत नाही.

माझा खरा राग वेगळ्याच लोकांवर आहे. जे या सगळ्यात मधे बसून आहेत त्यांच्यावर. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे : देशांतर्गत बँक हस्तांतरणात कुणाला फसवून पैसे पाठवायला लावले, तर ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी द्यायची. निम्मी पैसे पाठवणाऱ्या बँकेनं, निम्मी ज्या बँकेत ठगाचं खातं होतं तिनं. हा दुसरा निम्मा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. ठगाला खातं उघडून देणाऱ्या बँकेला त्याआधी फारशी झळ नव्हती. "पैसे परत मिळणार म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील," असा आक्षेप घेतला जातो. अक्षम्य निष्काळजीपणासाठी त्या नियमात अपवाद आहे. आणि ज्यानं ताईसारख्या बाईला त्या सात आठवड्यांत पाहिलंय, रात्री झोप नाही, मोबाइल वाजला की दचकणं, तो म्हणणार नाही की पैसे परत मिळतात म्हणून कुणी हा अनुभव हौसेनं घेईल.

पण बँकांचं निदान बोलणं तरी चालू आहे. जाहिराती दाखवणाऱ्या कंपन्यांचं काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली. २०२४ च्या उत्पन्नातले सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १६ अब्ज डॉलर, ठगीच्या आणि बंदी असलेल्या वस्तूंच्या जाहिरातींतून येतील, असा कंपनीचाच अंदाज होता. जाहिरातदार ठग असल्याची किमान ९५ टक्के खात्री झाली तरच त्याला बंद करायचं; संशय त्याहून कमी असेल तर त्याच्याकडून जास्त दर घ्यायचा. कंपनीचं म्हणणं, तो आकडा ढोबळ आणि फुगलेला आहे. ठीक आहे, निम्मा धरू. तरी मला कळत नाही, संशयित माणसाकडून जास्त पैसे घेऊन त्याला माझ्या ताईच्या स्क्रीनपर्यंत आणून सोडणं हे कुठल्या नीतीत बसतं. ही पोस्ट मी त्याच कंपनीच्या फेसबुकवर लिहितोय, आणि इथेच हे म्हणायला हवं असं मला वाटतं.

आता ताईकडे परत येतो, कारण एक गोष्ट राहिली.

मला सांगितल्यानंतर पाच महिन्यांनी तिनं मला दुसरी गोष्ट सांगितली. पैसे गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तिला आणखी एक फोन आला होता. "आम्ही वकिलांची संस्था आहोत, तुमचे पैसे सापडलेत, प्रक्रियेचा खर्च भरा." एकदा लुटल्या गेलेल्या माणसांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात आणि दुसरी टोळी पैसे परत मिळवून देण्याच्या नावाखाली येते. ताईनं तेही पैसे भरले. कुणाला विचारणार होती? कुणाला सांगितलंच नव्हतं ना.

मी म्हणालो, "ताई, हे तेव्हाच का नाही सांगितलंस? पहिलं सांगितलंस तेव्हा?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सांगणार होते रे. तू विचारलंस ना, कळलं कसं नाही. मग पुढचं नाही सांगवलं."

त्या दिवसापासून हे वाक्य मी कुणालाही विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. आवाज पडलेला. "कुणाला सांगू नकोस, पण माझ्याकडून एक मोठा मूर्खपणा झालाय." पुढचं काय असणार ते मला कळलं.

"बरं झालं फोन केलास," मी म्हणालो. "पैसे किती वाजता गेले?"

"वीसेक मिनिटं झाली असतील."

"फोन ठेव. बँकेला लाव, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. मी निघालोच."