माझी ईको काय ॲम्ब्युलन्स आहे?

सिंधुदुर्गात राहायचं असेल तर एकतर तब्येत ठणठणीत पाहिजे, नाहीतर वाडीत गाडीवाला पाहिजे. आमच्या वाडीतला तो गाडीवाला मी. ईको घेतली ती पोरांना शाळेत सोडायला आणि आंबा-काजू बाजारात न्यायला. धावते मात्र बांबोळीच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या रस्त्याला. रात्री बारानंतर फोन वाजला की कोणाचा म्हणून न विचारताच बायको चावी काढून हातात ठेवते. १०८ ला फोन केलेला असतोच. ती दुसरा पेशंट घेऊन आधीच गेलेली असते. कुठे? बांबोळीलाच!

छातीत दुखलं, बांबोळी. कोण माडावरून पडला, बांबोळी. बाळंतीण अडली, बांबोळी. आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं, कारण पुढे पाठवल्याची चिठ्ठी पाहिजे. तिथे सलाईन लागतं, बीपी बघतात आणि सिस्टर हळूच सांगते, "हयसर काय होवचा नाय, बांबोळीक घेवन जावा." मग एवढी इमारत बांधलीत कशाला? चिठ्ठ्या फाडायला?

तिथल्या पोरसवदा डॉक्टरवर माझा राग नाही. एमबीबीएस होऊन सरकारी सेवेचं बॉण्डचं वर्ष भरायला आलेला. सकाळची ओपीडी तोच बघणार, रात्रीची इमर्जन्सी तोच, पोस्टमॉर्टेम तोच, आणि मंत्री आले की ताफ्यामागच्या ॲम्ब्युलन्समध्ये बसायलाही तोच. वर्ष संपलं की बॅग भरून मोकळा. मी असतो तर मीही पळालो असतो. राग आहे तो ज्यांनी त्याला तिथे एकटा सोडलाय त्यांच्यावर. कागदावर ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ सगळे पाहिजेत. आणि केंद्र सरकारचीच २०२१-२२ ची ग्रामीण आरोग्याची आकडेवारी सांगते की देशभरात अशा रुग्णालयांत गरजेच्या जवळपास ८० टक्के विशेषज्ञ नाहीतच. पाच खुर्च्यांमागे चार रिकाम्या. हे विरोधकांचं भाषण नाही, सरकारनेच छापलंय!

आमच्या तालुक्याचा भूलतज्ज्ञ तर गणपतीसारखा, आला तरी दीड दिवस. ऑपरेशन थिएटर आहे, टेबल आहे, वर मोठा दिवा आहे, फीत कापल्याचा फोटोही आहे. भूल द्यायला माणूस नाही म्हणून सिझेरियन नाही. सोनोग्राफीच्या मशीनवर कपडा घातलेला. बाहेरून रेडिओलॉजिस्ट येतो त्या दिवशी तो कपडा निघतो. एरवी गरोदर बाईने खाजगीत पैसे मोजायचे. ज्या दवाखान्याच्या दारावर 'मोफत' लिहिलंय तिथे जाऊन यायचं आणि मग पैसे मोजायचे.

सावंतवाडीकरांचं एकवेळ ठीक, ६०-६५ किलोमीटर. देवगडच्या, वैभववाडीच्या माणसाने काय करायचं? दीडशेच्या घरात जातं ते. कोल्हापूरला न्यावं तर मध्ये घाट. २०२४ च्या जानेवारीत करूळ घाट कामासाठी बंद केला, तो वर्ष उलटलं तरी बंदच होता. लांबच्या घाटाने फिरून जा म्हणे. हार्ट अटॅकला सांगा, जरा थांब, फोंडा घाटावरून जातोय.

हायवे आमच्या जिल्ह्यात चौपदरी झाला, तेवढं एक बरं झालं. इथलं मरण जरा वेगाने पत्रादेवीपर्यंत, गोव्याच्या हद्दीपर्यंत पोचतं. पुढे पेडणे, म्हापसा आणि मग पर्वरीचं ट्रॅफिक. मागच्या सीटवर म्हातारा कण्हतोय, त्याची बायको पंख्यासारखा पदर हलवतेय, आणि पुढे भाड्याची जीप घेतलेले पर्यटक सिग्नलला बीचचा फोटो काढतायत.

बांबोळीवाल्यांना दोष देऊ? कसा देऊ? पोर्तुगिजांच्या काळात, १८४२ साली सुरू झालेलं ते कॉलेज. गोव्याच्या तिजोरीवर चालतं, गोव्याच्या लोकांसाठी आहे. आमचेही जीव वाचवले त्यांनी, किती ते मोजता येणार नाहीत. पण २०१८ च्या जानेवारीपासून त्यांनी बाहेरच्यांना फी लावली तेव्हा आमच्या पुढाऱ्यांना एकदम आठवलं की आपला जिल्हा शेजारच्या राज्याच्या भरवशावर जगतोय. दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, तेव्हा बैठका झाल्या, आश्वासनं झाली. अरे, १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा जिल्हा काढलात ना? एवढ्या वर्षांत शेजाऱ्याचं दार ठोठावण्याशिवाय काय केलंत? आता जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आलंय. चांगलं झालं, पोरं डॉक्टर होतील. पण माझ्या तालुक्यातली रिकामी खुर्ची त्याने भरत नाही.

इथे आजार काय कमी आहेत? पावसात उंदरांमुळे पसरणारा लेप्टोचा ताप. भातलावणीत फुरसं चावतं, घोणस चावते. २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात माकडताप. तो गोचिडीतून होतो, आणि नेमका काजूच्या हंगामात. म्हणजे वर्षाचे पैसे मिळतात त्याच बागेत शिरायची भीती. ताप आला की साधा की माकडताप हे कळेपर्यंत घरातल्यांचा जीव टांगणीला.

आणि दिमाख बघा आमचा. १९९७ पासून पर्यटन जिल्हा. २०२१ ला चिपीला विमानतळ झाला. मालवणला स्कूबा करा, तारकर्लीला होडीत बसा, मासे खा. पर्यटकाच्या छातीत कळ आली की तोही माझ्याच ईकोत, बांबोळीला.

जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला ८ लाख ६८ हजार होती, २०११ ला ८ लाख ४९ हजार. पोरं मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसं. चिठ्ठी हातात पडल्यावर पहिला प्रश्न आजाराचा नसतो, 'सोबत कोण जाणार?' हा असतो. गुरं कोण बघणार, घराला कुलूप कोण लावणार, तिकडे राहायचं कुठे. अर्धे म्हणतात, "र्‍हांवदे, बरा वाटता आता." बरं वाटत नसतं. परवडत नसतं.

निवडणूक आली की महाआरोग्य शिबिर भरतं. मांडव, बॅनर, चष्मे वाटप, बीपी तपासणी, केळं आणि बिस्कीटपुडा. चष्मे नकोत. एक भूलतज्ज्ञ द्या, कायमचा. त्याला दुप्पट पगार द्या, गळत नाही असा क्वार्टर द्या. डॉक्टर यायला तयार नसतात म्हणून सांगू नका. त्या क्वार्टरमध्ये एक पावसाळा तुम्ही काढा, मग बोलू.

नाहीतर यावेळी मत मागायला वाडीत याल तेव्हा ईको तयार ठेवतो. मध्यरात्री निघू. मागच्या सीटवर आडवे व्हा, हाताला सलाईन लावू, बाटली तुमचा कार्यकर्ता धरेल. बांबोळीपर्यंत जाऊ. पेट्रोल माझ्याकडून.