पंढरपुरी म्हशीच्या कृत्रिम रेतनाबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

मा. पशुपालक महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या रेतनानंतर आपली म्हैस उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, आणि एक माज वाया गेला, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल क्षमा मागतो. मात्र ‘सकाळी सातला फोन केला, माणूस संध्याकाळी सहाला उगवला, निष्काळजीपणामुळे म्हैस खाली राहिली’ हे आपले वाक्य जिव्हारी लागले आहे. सोलापूर परिसरातील गोठ्यांच्या आमच्यावर असलेल्या विश्वासावरच आमचे पोट चालते, म्हणून वेळेबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

संध्याकाळची वेळ आम्ही विचार करूनच ठरवली होती. कांडीतील (गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळीतील) शुक्राणू जिवंत आणि पळता असला तरी तो लगेच बीजांड फळवू शकत नाही. मादीच्या जननमार्गात काही तास राहिल्यावरच ती क्षमता त्याच्या अंगी येते, हे चँग आणि ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी १९५१ साली स्वतंत्रपणे दाखवून दिले. तेथील स्रावातील बायकार्बोनेटमुळे शुक्राणूत सायक्लिक एएमपी हे संदेश देणारे द्रव्य वाढते, अल्ब्युमिन हे प्रथिन त्याच्या आवरणातील कोलेस्टेरॉल काढून घेते, कॅल्शियम आत येऊ लागते आणि एकसारखी हलणारी शेपटी चाबकासारखी जोराने फटकारू लागते. बीजांडाचे कवच भेदणारी द्रव्ये डोक्यावरील टोपीतून सोडण्याची तयारीही याच काळात होते. पण असा तयार झालेला शुक्राणू फार काळ टिकत नाही. त्यातच उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या वीर्यात गोठवण्या-वितळवण्यामुळेच असे काही बदल आधी होऊन जातात, त्यामुळे त्याचे आयुष्य आणखी कमी असते. बीजांड मात्र माज संपल्यावर साधारण १० ते १४ तासांनी सुटते. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, असा नियम आहे. घाई केली असती तर शुक्राणू बीजांडाची वाट पाहत संपले असते.

फोनवर आपण ‘आज सकाळी माज दिसला’ असे सांगितलेत. अभिप्रायात मात्र ‘आदल्या रात्रीपासून ओरडत होती’ असे लिहिले आहे. उन्हाळ्यात म्हशीचा माज बहुधा रात्रीच उमटतो आणि तोही मुका, म्हणजे बाहेरून फारशी लक्षणे न दाखवणारा असतो, हे आपण जाणताच. रात्रीची गोष्ट तेव्हाच कळली असती तर आमचा माणूस सकाळीच आपल्या दारात उभा राहिला असता. कांडी त्याने आपल्यासमोरच ३७ अंशांच्या पाण्यात, थर्मामीटर लावून, ३० सेकंद धरली होती. त्याला निष्काळजी म्हणणे आम्हाला फार लागले.

घेतलेले पैसे कांडीचे आणि फेरीचे होते. गाभण राहण्याची हमी कोणत्याही रेतनात देता येत नाही. तरीही पुढच्या माजाला आपल्याकडून फेरीचे पैसे घेणार नाही. यापुढे फोन घेताना माज नेमका केव्हापासून आहे हे विचारून लिहून ठेवण्याची, तसेच इतर बाबींतही शक्य ती सुधारणा करण्याची व्यवस्था करत आहोत. म्हैस पुन्हा माजावर येताच, रात्र असली तरी, कृपया फोन करावा.

आपला नम्र,
संचालक, कृत्रिम रेतन सेवा, सोलापूर