मोठ्या विद्यापीठात ग्रुप प्रोजेक्ट कसा 'करावा'

अभिनंदन! एवढ्या नावाजलेल्या विद्यापीठात अ‍ॅडमिशन मिळाली म्हणजे आयुष्यातलं काम संपलं, आता उरलेली वर्षं नाव छापलेली हूडी घालून फिरायचं. मध्ये ग्रुप प्रोजेक्ट नावाची एक कटकट येते, पण घाबरू नका. परवाच आमचं प्रेझेंटेशन झालं, त्यानिमित्ताने आमच्याच ग्रुपमधल्या एका थोर कलाकाराला जवळून बघायला मिळालं. त्यांची विद्या तुमच्यासाठी देतेय.

पहिल्या मीटिंगला नक्की या आणि सगळ्यात जास्त बोला. "काहीतरी हटके करूया यार" हे दोनदा तरी आलं पाहिजे. काम वाटायला घेतलं की म्हणा, "मी ओव्हरऑल बघतो." ओव्हरऑल म्हणजे काय हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

ग्रुपचं नाव आणि डीपी तुम्हीच ठेवा. झालं योगदान.

मेसेजला अंगठा द्यायचा. वाचायचा नाही.

गूगल डॉक मधूनमधून उघडून ठेवा, कर्सर दिसला की लोकांना बरं वाटतं. व्हर्जन हिस्टरी नावाची एक चहाडखोर सोय आहे, कोणी कधी काय टाइप केलं ते त्यात नावानिशी दिसतं, पण ती उघडून सरांना दाखवणाऱ्याला 'टीम प्लेअर' म्हणत नाहीत. त्यामुळे निवांत.

कोणी बोललंच तर विज्ञान पुढे करा. रिंगेलमन नावाच्या फ्रेंच माणसाने लोकांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता, 1913 मध्ये ते छापूनही आलं. माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा जोर कमी, आठ जण झाले की एकेकाचा एकट्याच्या निम्म्यावर. अर्थात त्याची माणसं निदान दोराला हात तरी लावत होती.

आता मुख्य कला. तुमचा भाग डेडलाइनच्या आदल्या रात्री, सगळे अर्धमेले झाल्यावर पाठवा. लिहायचा कशाला, एआयला सांगा आणि येईल ते चिकटवा, वरचं "नक्कीच! हा घ्या तुमचा सुधारित परिच्छेद" पण काढू नका, तेवढाच प्रामाणिकपणा. खाली संदर्भांची ऐटदार यादी. मग बाकीचे रात्रभर एकेक पेपर शोधत बसतील, लेखक खरा, जर्नल खरं, पण त्या नावाचा पेपरच नाही, डीओआय, म्हणजे पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकला तर भलत्याच विषयाचा लेख उघडतोय, आणि तुमचा फोन बंद, आणि स्टोरीत तुम्ही कुठेतरी नाचताय. आणि रिपोर्ट एक, कव्हर पेज एक, म्हणजे खोटे संदर्भ पकडले गेले तर कमिटीसमोर फक्त तुम्ही नाही, सगळे उभे. तिथे मात्र टीम!

प्रेझेंटेशनला इस्त्रीचा शर्ट. शेवटची स्लाइड तुम्ही वाचा, प्रश्न आला की "याचं उत्तर माझी टीममेट छान देईल." संध्याकाळी लिंक्डइनवर स्वतःला 'प्रोजेक्ट लीड' करून टाका.

हो, टाकलंय त्याने. मलाच टॅग करून. "ग्रेटफुल".

अरे लाज कशी वाटत नाही? इथे सगळेच आपापल्या शाळेतले टॉपर आहेत, सगळ्यांचेच बाकीचे विषय बोकांडी बसलेत, तू एकटाच बिझी नाहीस. "मला झेपत नाहीये" एवढा एक मेसेज केला असतास तर पहिल्याच आठवड्यात वाटून घेतलं असतं, कोणी ओरडलं नसतं. आणि सर, "नोकरीत पण असंच असतं" हे तुम्ही कृपा करून बोलू नका, नोकरीत पगार मिळतो, आणि तुमचा तो पीअर इव्हॅल्युएशनचा, म्हणजे ग्रुपमध्ये कोणी किती काम केलं ते एकमेकांबद्दल सांगायचा फॉर्म मार्क लागल्यावर भरून घेऊन काय उपयोग? पुढच्या सेमिस्टरला ग्रुप करताना "आपण परत एकत्र ना?" म्हणून मेसेज आलाय त्याचा. नाही. आणि चुकून आलासच, तर काम केल्याशिवाय कव्हर पेजवर नाव पडणार नाही, मग जा कोणाकडे जायचंय त्यांच्याकडे रडत.