गुडघे लपवून परदेशी निघालेल्यांसाठी

आज सकाळी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभेत एका पर्यटन कंपनीचा तरुण प्रतिनिधी येऊन गेला. त्याने वाटलेले रंगीत पत्रक अजून माझ्यासमोर पडले आहे. ‘खास ज्येष्ठांसाठी : ८ दिवसांत ३ देश’ असे त्यावर ठळक अक्षरांत छापले आहे. थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम. जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा केले, तर एकेका देशाच्या वाट्याला दोन दिवस येतात आणि त्यांतही विमानतळांवरचे तास धरलेलेच नाहीत. यात ज्येष्ठांसाठी खास असे काय आहे, असे मी त्याला विचारले. तेव्हा तो हसून म्हणाला, “काकू, रोज रात्री वरण-भात आहे ना!” यावर सभागृहात चक्क टाळ्या पडल्या.

तरीही माझा खरा राग त्या मुलावर नाही. त्याला पत्रके खपवायची आहेत. माझे डोके फिरले ते शेजारी बसलेल्या वहिनींमुळे. त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “गुडघ्याच्या ऑपरेशनचं फॉर्मवर लिहायचं नाही हं, नाव कापतील.” आजूबाजूच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. वर्षानुवर्षे संसार सांभाळलेल्या, घरावर आलेली वादळे निस्तरलेल्या या बायका एका छापील कागदापुढे स्वतःचे गुडघे लपवतात, हे पाहून मला तिथेच उठून बोलावेसे वाटले. मी बोलले नाही, म्हणून आता इथे लिहीत आहे.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही दोघे एका ग्रुपबरोबर कंबोडियाला गेलो होतो. आमच्या ह्यांचे वय तेव्हा ७४ होते. ह्यांचा उजवा गुडघा आदल्या पावसाळ्यापासून कुरकुरत होता, पण ‘काही शारीरिक त्रास आहे का?’ या प्रश्नापुढे ह्यांनी आपल्या वळणदार अक्षरात ‘नाही’ असे लिहिले. मी ते पाहिले आणि गप्प बसले. रात्रीच्या कोकणकन्येने रत्नागिरीहून निघून पहाटे मुंबई गाठायची आणि त्याच दिवशी विमानात बसायचे, हा शहाणपणाही आमचाच. बँकॉकला विमान बदलताना आमच्या ग्रुपलीडरने व्हीलचेअर कुणाला हवी का, असे विचारले. “ती म्हाताऱ्यांसाठी असते,” असे म्हणून हे पाठीला पिशवी लावून सुवर्णभूमी विमानतळाच्या त्या संपता न संपणाऱ्या मार्गिकांतून ताठ मानेने चालत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा शहाळ्यासारखा सुजला होता.

आणि त्या दिवशी कार्यक्रम होता अंकोरवाटचा. बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने बांधलेले ते विष्णूचे मंदिर पाहायचे म्हणून मी शाळेत इतिहास शिकवायला लागल्यापासून मनात धरून होते. सर्वांत वरच्या भागाकडे जाणारा जिना आपल्याकडच्या माळ्यावर चढायच्या शिडीइतका उभा आहे. ह्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, क्षणभर थांबले आणि काढून घेतला. ग्रुपलीडर घड्याळ पाहत म्हणाला, “काका, तुम्ही इथेच बसा, आम्ही चाळीस मिनिटांत येतो.” ‘इथेच बसा’ हे शब्द त्याने वाईट हेतूने म्हटले नव्हते, एवढे मी मान्य करते. पण ते ऐकताना ह्यांचा जो चेहरा झाला, तो मी ४८ वर्षांच्या संसारात पाहिला नव्हता.

आता रागातून थोडी बाहेर येऊन उपयोगाचे लिहिते, कारण वहिनीही ही पोस्ट वाचणार आहेत.

व्हीलचेअर ही भीक नव्हे. तिकीट काढतानाच, निदान प्रवासाच्या ४८ तास आधी, विमान कंपनीला सांगून ठेवले, की बहुतेक ठिकाणी ती विनामूल्य मिळते, आणि ती ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या रांगेतून आपल्याला सरळ विमानाच्या दारापर्यंत नेतो. तिथे वाचवलेले पाय दुसऱ्या दिवशी देवळात वापरता येतात, एवढा साधा हिशेब आहे. फॉर्मवरच्या खोट्या ‘नाही’चा दुसरा तोटा पैशाचा आहे. प्रवास विम्यात रक्तदाब, मधुमेह, जुने ऑपरेशन लपवले, तर दावा नाकारायला विमा कंपनीला आयतेच कारण मिळते. हप्ता थोडा वाढेल, तर वाढू द्यावा. आपण आंब्याच्या पेटीची घासाघीस करतो, तशी इथे करू नये.

पत्रकात हॉटेलचे तारे छापतात, पायऱ्या छापत नाहीत. म्हणून त्या आपण विचाराव्यात. क्वालालंपूरजवळच्या बातू केव्ह्जला २७२ पायऱ्या आहेत, श्रीलंकेतल्या सिगिरियाला सुमारे १२००. आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही, पण तो घरी बसून ऐकावा, पायथ्याशी उभे राहून नव्हे.

औषधांच्या बाबतीत मी कुणाचेच ऐकत नाही. सगळी औषधे जवळच्या पिशवीत, मूळ पट्ट्यांसह आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपला ब्रँड तिकडे कुणालाच कळत नाही. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नये, ते विमानाच्या पोटात गोठून निकामी होऊ शकते. आपल्या घरात सहज पडलेले खोकल्याचे औषधही सगळीकडे चालत नाही. कोडीन असलेले औषध परवानगीशिवाय दुबईला नेणे अडचणीचे ठरते, आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असते, त्या जपानमध्ये नेताच येत नाहीत. बँकॉकचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे असते, टोकियोचे साडेतीन तास. गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे.

आपल्या कोकणातल्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपला प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू होत नाही, तो गाडीच्या बर्थवर सुरू होतो. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती अजून सुरू झालेली नाही (त्यावर मी वेगळे लिहीन, आज रक्तदाब वाढवायचा नाही). पण खालच्या बर्थचा कोटा आहे, तो मागून घ्यावा, आणि मुंबईत भाच्याकडे, बहिणीकडे, कुठेही एक रात्र झोपून मगच विमानात बसावे.

पुन्हा त्या देवळात येते. आम्ही भिंतीला धरत धरत खालच्या पूर्वेकडच्या ओवरीत जाऊन बसलो. समोर जवळजवळ ४९ मीटर लांबीच्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलेले आहे. मधोमध विष्णू, खाली कूर्म, एकीकडे असुर, दुसरीकडे देव आणि सगळ्यांच्या हातांत वासुकी. ग्रुपबरोबर आम्ही या भिंतीसमोरून चार मिनिटांत गेलो असतो. बसलो म्हणून ह्यांच्या लक्षात आले, की देवांच्या बाजूला शेपटीच्या टोकाशी चक्क एक वानर आहे. “अगं, हा मारुती इथे कुठून आला?” असे म्हणत हे लहान मुलासारखे हसले. आपल्या पुराणातल्या मंथनात मारुती नाही, पण तिथल्या ख्मेर शिल्पकाराला तो हवासा वाटला असावा. ओवरीत झाडू मारणारी एक वयस्क बाई आमच्याकडे पाहत होती. आपल्या पंच्यासारखे चौकड्यांचे कापड तिने डोक्याला गुंडाळले होते. ती कुठूनशी प्लास्टिकचे एक बुटके स्टूल घेऊन आली, ह्यांच्या सुजलेल्या पायाखाली सरकवले, स्वतःच्या गुडघ्यावर दोनदा थापट मारून तोंड वाकडे केले आणि हसत निघून गेली. तिला आमची भाषा येत नव्हती आणि आमचा फॉर्मही तिने पाहिला नव्हता.

तिकिटाबद्दलची गोष्ट मला तिथे कळली आणि तेव्हापासून चुटपूट लागून राहिली आहे. अंकोरचे एका दिवसाचे तिकीट ३७ डॉलरचे आहे आणि तीन दिवसांचे ६२ डॉलरचे. त्यातले ते तीन दिवस सलग असण्याची सक्ती नाही, १० दिवसांत कधीही वापरता येतात. म्हणजे सकाळी उन्हापूर्वी एक देऊळ पाहायचे, दुपारी झोपायचे, दुसऱ्या दिवशी पाय चढवून नुसते बसायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. आमच्या वयासाठी याहून सोयीचे काय असू शकते? आमच्या पत्रकात अर्थातच ‘एक दिवस’ होता.

ग्रुपने गेल्यावर सामान, व्हिसा, जेवण यांची काळजी राहत नाही, हे खरे आहे. भाषा येत नसेल, तर एकटे जाऊ नये, हेही ठीक. पण मग ग्रुप आपणच करावा. चार जोडपी, एक देश, एक शहर, सात रात्री, एकच हॉटेल आणि लिफ्ट आहे याची आधी फोनवर खात्री. माशांची तर ददातच नाही. नारळाच्या रसातला, केळीच्या पानात वाफवलेला तिथला आमोक खाल्ल्यावर ह्यांनी वरण-भाताची आठवणसुद्धा काढली नाही.

मुले म्हणतात, “आता या वयात कशाला?” त्यांची काळजी मला समजते. पण आम्ही रोज संध्याकाळी ज्या थिबा पॉइंटवर जाऊन बसतो, त्याच्या नावाचा तो ब्रह्मदेशाचा राजा १८८६ मध्ये कैदी म्हणून रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. आपली राजधानी मंडाले त्याला पुन्हा दिसली नाही. त्याला इंग्रजांनी अडवले होते. आम्हाला अडवणारा इथे कोण आहे?

हे लिहीत असतानाच वहिनी येऊन गेल्या. सकाळचा फॉर्म त्यांनी परत मागून घेतला आहे आणि जानेवारीत आमच्याबरोबर अंकोरवाटजवळच्या सिएम रीपला येतो म्हणतात. विमानाच्या तिकिटांसाठी ह्यांनी एक कागद तयार केला आहे. त्यात नाव, वय, औषधे आणि व्हीलचेअर असे रकाने आहेत. स्वतःच्या नावापुढे ह्यांनी ‘हो’ असे लिहिले आहे, वहिनींनीही लिहिले. मग ह्यांनी पेन माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “गेल्या महिन्यात जिना चढताना कोण धापा टाकत होतं?”

माझ्या नावापुढचा रकाना मी अजून भरलेला नाही.